वाशीमच्या पुढच्या गाड्या

दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस मी आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला आईकडे असते. फराळाचे डबे तळाला आलेले असतात. भावाच्या शेतातलं सोयाबीन निघून घरी आलेलं असतं आणि उभ्या तुरीला पिवळी फुलं लागलेली असतात. दुपारी घरातले सगळे आडवे झाले की मी ओट्यावर चटई टाकते आणि तिसरीची पुस्तकं उघडून बसते. दुसऱ्या सत्रात मुलांना काय काय शिकवायचं, ते सुट्टी संपायच्या आत ठरवून ठेवायचं, ही माझी जुनी सवय. इतक्या लवकर ते कोणी मागत नाही. पण मला हे काम आवडतं. अजून घडलेलं काहीच नसतं, आणि सगळं घडण्यासारखं वाटत असतं.

आई झोपेतून उठून बाहेर येते, पदरानं तोंड पुसते आणि म्हणते, "तेच तं शिकवतं तू दरसाली. मंग काय लिहून राह्यली एवढं?"

तिचं खरं आहे. दरवर्षी तेच असतं. तिसरीच्या मुलांना दुसऱ्या सत्रात घड्याळ येतं, भागाकार येतो, जोडाक्षरं पक्की होतात, जिल्ह्याचा नकाशा येतो. पुस्तकातली पानं तीच. पण आमच्या भागात ही पानं एका विशिष्ट हवेत उलटली जातात. पहिलं सत्र ओलं असतं. मुलं चिखलाचे पाय घेऊन येतात, पुस्तकांना कुबट वास येतो, पत्र्यावरच्या पावसात माझा आवाज कोणाला ऐकू जात नाही. दुसरं सत्र कोरडं आणि स्वच्छ. उन्हाची तिरीप वर्गात लांबवर येते, खडू फळ्यावर नीट उमटतो. फळ्यावर लिहिलेलं मागच्या मुलाला दिसतं. फक्त मागे मूल नसतं.

कारण आमची शाळा बंजाऱ्यांच्या तांड्यावरची आहे. मानोऱ्याहून पोहरादेवीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून थोडं आत वळलं की लागतो तो तांडा. दिवाळी झाली की तिथली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला निघून जातात. मी त्या शाळेत नवी होते, तेव्हाचं ते दुसरं सत्र मला दर दिवाळीला आठवतं. पुस्तकं उघडली की त्या वर्षाचा वास येतो म्हटलं तरी चालेल: वाळल्या तुराट्यांचा, शेळ्यांचा, आणि सकाळी पेटवलेल्या शेकोटीचा.

त्या वर्षी सुट्टी संपून मी शाळा उघडली, तेव्हा तांड्यावर लगबग होती. मुकादमाचे ट्रॅक्टर येऊन उभे होते. ट्रॉलीत पत्रे, बाजा, हंडे, कोंबड्यांची डालगी, दळणाच्या गोण्या चढवणं चाललं होतं. वर्गातली मुलं खिडकीतून सारखी बाहेर बघत होती, आणि मीही त्यांना रागवत नव्हते. तेवढ्यात एक बाई दारात येऊन उभी राहिली. कडेवर तान्हा मुलगा, बाजूला तिसरीतली मुलगी. मुलगी माझ्या वर्गातलीच, रोशनी. बाई म्हणजे तिची आई, शेवंता.

"मॅडम, आमी उद्या निघून राह्यलो," ती म्हणाली. "हिले नेऊ का ठेवू, काही समजून नाई राह्यलं. इथं राह्यली तं काय काय शिकन ही?"

मला कोणी असं कधी विचारलं नव्हतं. साहेब लोक विचारतात, पण ते कागदाकडे बघत विचारतात. शेवंता माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला आत बोलावलं, ती दाराच्या आत येऊन भिंतीला टेकून बसली. मग मी सांगितलं. रोशनीला घड्याळ बघता येईल. कोणी तिच्या हातात ओंजळभर बोरं दिली आणि एवढ्याजणांत सारखी वाट म्हटलं, तर वाटता येतील. जड अक्षरं वाचता येतील, म्हणजे दुकानावरच्या, गाडीवरच्या पाट्या. आपला जिल्हा कुठपर्यंत आहे, त्यात कोणती गावं आहेत, ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल.

शेवंता ऐकत होती. मध्येच तान्ह्याला या मांडीवरून त्या मांडीवर घेत होती. तिला काय सोडावं लागणार होतं ते मला दिसत होतं. फडावर ऊस तोडायला नवराबायको दोघंही लागतात. मग तान्ह्याजवळ बसायला मोठी बहीण हवी असते. तांड्यावरच्या कितीतरी मुली याच कारणानं तिसरी-चौथीत शाळेतून उठतात. आधी धाकट्याला सांभाळायला जातात आणि पुढे हातात कोयता येतो.

"आमी होळीले येऊ," शेवंता म्हणाली. "तंवर हे सगळं येईन हिले?"

"येईल."

"मंग राहू द्या इथं. तिचा आजा हाये घरी."

ती रोशनीकडे वळून त्यांच्या बोलीत भराभर काहीतरी म्हणाली. मला तेव्हा त्यातला 'याडी' एवढाच शब्द कळायचा. याडी म्हणजे आई. रोशनी रडली नाही. ती नखानं भिंतीचा चुना खरवडत उभी होती.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर गेले. दाराच्या कड्यांना कुलपं लागली, अंगणाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या ओढलेल्या दिसू लागल्या. मागे उरली म्हातारी माणसं, काही कुत्री, आणि माझ्या वर्गात पहिली ते चौथी मिळून एका सतरंजीवर मावतील एवढी मुलं. हेडमास्तर दुसऱ्या वर्गावर जायचं सोडून माझ्याच वर्गात खुर्ची घेऊन बसायचे आणि म्हणायचे, "दोन वर्ग करून काय करता मॅडम? एकमेकांची ऊब राहते पोट्ट्याइले."

सकाळी आम्ही वर्गात बसतच नसू. व्हरांड्यात ऊन यायचं तिथं सतरंजी टाकायची आणि ऊन सरकेल तशी सतरंजी सरकवायची. लांब रस्त्यावरून पोहरादेवीला जाणाऱ्या गाड्या दिसायच्या. खिचडी शिजवणाऱ्या मावशी चुलीवर भांडं चढवायच्या आणि फोडणीचा वास आला की मुलांचं गणित चुकायला लागायचं. शाळेमागच्या शेतात हरभरा उगवून वर आला होता. कापूस वेचणाऱ्या बाया ओळीत पुढे सरकताना दिसायच्या. सगळं कसं हळू चाललं होतं. इतकी शांत शाळा मी आधी पाहिली नव्हती, आणि त्या शांततेचा मला सुरुवातीला त्रास व्हायचा. नंतर सवय झाली, तेव्हा जास्त त्रास व्हायला लागला.

पण शिकणं मात्र छान चाललं होतं. मुलं थोडी असली की शिकवणं एकेकाच्या कानापर्यंत पोचतं. आम्ही पुठ्ठ्याचं घड्याळ केलं. भागाकारासाठी मुलं खिशातून बोरं घेऊन यायची. वाटून झाल्यावर उरलेलं बोर कोणाला, यावर रोज भांडण व्हायचं, आणि ते सर्वांत लहान मुलाला द्यायचं असं मुलांनीच ठरवून टाकलं.

रोशनी हुशार होती, पण तिचं हुशार असणं आवाज न करणारं होतं. ती हात वर करायची नाही. विचारलं की सांगायची आणि पुन्हा खाली बघायची. तिचा आजा, हिरामण आजा, रोज तिला शाळेच्या कोपऱ्यापर्यंत आणून सोडायचे. गुडघे दुखायचे म्हणून काठी टेकत यायचे. तरुणपणी तेही ऊस तोडायला गेलेले होते. आता म्हणायचे, "मी घराची राखन करतो. मले नाई नेत कोनी."

एके दिवशी मी जिल्ह्याचा नकाशा भिंतीला लावला. मुलांना आपला तालुका दाखवला, मालेगाव दाखवलं, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर दाखवलं. मुलं एकमेकांना ढकलत बोटं ठेवत होती. रोशनी सगळ्यांत शेवटी आली. तिनं नकाशा वरपासून खालपर्यंत पाहिला, कडेकडेनंही पाहिला, आणि विचारलं, "मॅडम, याडी कुठी हाये याच्यात?"

"तुझी आई सांगलीकडे आहे. ते या नकाशात नाही. हा आपल्या जिल्ह्याचा नकाशा."

"मंग आपल्या नकाशात काहून नाई?"

मी तिला समजावून सांगितलं, पण मलाच ते पुरेसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मानोऱ्याहून महाराष्ट्राचा नकाशा घेऊन आले. तो लावल्यावर मुलं त्याच्याजवळ सरकली. प्रत्येकाला कळलं होतं की हा नकाशा कोणासाठी आणला आहे, कारण जवळपास सगळ्यांचे आईबाप एकाच मुकादमाबरोबर, एकाच साखर कारखान्याच्या फडावर गेले होते. मी मानोरा दाखवलं, मग सांगली दाखवली. रोशनीनं एका गावावर अंगठा आणि दुसऱ्या गावावर करंगळी ठेवली. तिचा पंजा पुरेपूर ताणला गेला.

"एवढंच?" ती म्हणाली.

"नकाशात एवढंच."

ती जागेवर जाऊन बसली आणि बराच वेळ आपल्या उघड्या पंजाकडे बघत राहिली.

त्याच सुमारास जोडाक्षरं चालू होती. पुस्तकातले शब्द मुलांना ओळखीचे वाटेनात, म्हणून मी एसटीच्या पाट्या वापरल्या. दिग्रस, कोल्हापूर, अमरावती, पुसद, वाशीम. 'दिग्रस'मधला 'ग्र' आणि 'कोल्हापूर'मधला 'ल्हा' मुलांना एका दिवसात आला. मग मला हुरूप आला आणि घड्याळाच्या धड्यासाठी मी स्टँडवरच्यासारखं गाड्यांचं वेळापत्रक फळ्यावर काढलं. एक मूल कंडक्टर व्हायचं, बाकीचे प्रवासी. कोणती गाडी किती वाजता, आता घड्याळात किती वाजले, अजून किती वेळ थांबायचं. मुलं खेळून खेळून दमायची नाहीत. रोशनी त्या खेळात एकदम मोठ्यानं बोलायला लागली होती. मला वाटलं, चला, हिची भीड गेली.

आणि एका दुपारी खिचडी खाऊन झाल्यावर मुलं पुन्हा सतरंजीवर बसली, तेव्हा रोशनी त्यांच्यात नव्हती.

आधी वाटलं घरी गेली असेल. एका मुलीला पाठवलं. हिरामण आजा काठी टेकत धावतच आले, म्हणजे त्यांच्या परीनं धावत. घरी नव्हती. विहिरीकडे बघितलं. हेडमास्तर शेतांकडे गेले. खिचडीच्या मावशी मोठमोठ्यानं हाका मारत नाल्याच्या कडेनं गेल्या. मी व्हरांड्यात उभी होते आणि मुलं माझ्याकडे बघत होती. मग चौथीतला एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, ते रस्त्याकडं गेली. तिच्या हातात पिशवी व्हती."

मी गाडी काढली. रस्त्यावर पानटपरीवाल्यानं सांगितलं, एक पोट्टी पोहरादेवीहून परतणाऱ्या ऑटोत बसून मानोऱ्याकडे गेली, सोबत बाया होत्या म्हणून त्याला वाटलं त्यांचीच असेल. मानोऱ्यापर्यंतचा तो रस्ता माझा रोजचा. त्या दिवशी तो संपत नव्हता. दोन्ही बाजूला पिवळी तूर वाऱ्यावर हलत होती. त्याआधी आणि त्यानंतर कधीही मला ती इतकी नकोशी वाटली नाही.

रोशनी एसटी स्टँडवर बाकावर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत एक फ्रॉक, आणि फडक्यात बांधलेली भाकर. शेजारी एक अनोळखी आजी, तिच्याशी ती काही बोलत नव्हती. ती समोर भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले तेव्हा ती दचकली, आणि मग तिच्या डोळ्यांत भीतीच्या आधी सुटका दिसली.

मी तिच्या शेजारी बसले.

"कुठे निघाली होतीस रोशनी?"

"सांगलीले. याडीजवळ."

"कशी जाणार होतीस?"

"वाशीमच्या गाडीनं." तिनं भिंतीकडे बोट केलं. "तिथं लिवलेलं हाये. गाडी आल्ती. मी पाटी वाचली. वाशीमच होती."

"मग बसली का नाहीस?"

ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "वाशीमच्या पुढं कोन्ती गाडी लागते, मले माहीत नव्हतं. तेवढं तुमी अजून शिकवलं नाई."

आजही दुसऱ्या सत्राचं नियोजन करताना हे वाक्य मला ऐकू येतं. मी किती मुलांना वाचायला शिकवलं असेल! बहुतेक मुलं शिकलेलं परीक्षेत लिहितात आणि पुढच्या वर्गात जातात. या मुलीनं घड्याळ, जोडाक्षरं, नकाशा, सगळं एका पिशवीत बांधलं आणि त्याच्या जोरावर ती आईकडे निघाली. मला तिचा राग यायला हवा होता. मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं, आणि मी घेतलं. त्या आजीनं विचारलं, "तुही पोरगी काय बाई?" मी हो म्हटलं. समजावत बसायला माझ्यात त्राण नव्हतं.

तांड्यावर परतलो तेव्हा हिरामण आजा रस्त्यावरच बसून होते. त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळी मी अजून आजांच्या अंगणातच होते, तेव्हा फडावरून शेवंताचा फोन आला. कोणीतरी तिला कळवलं होतं. मी स्पीकर लावला. पलीकडे ती नुसती रडत होती आणि मागून तान्ह्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "मॅडम, पाठवून द्या तिले. माह्या डोळ्यासमोर राहीन. इथं बाळाजवळ बसन. नाई शिकली तं नाई शिकली."

"शेवंताबाई, ती इतकी छान शिकतेय. आत्ता नेली तर..."

"ते समजते मले. मीच ठेवली ना तिले? पन इहिरीत गेली असती तं मी काय केलं असतं?"

रोशनीचा बाप, उत्तम, फोनवर आला. तो शांत माणूस. म्हणाला, "मॅडम, आमाले इथून हलता येत नाई. मुकादम सोडत नाई. कोनी आनून सोडत असन तं सोडा."

तेव्हा मागे बसलेले हिरामण आजा म्हणाले, "मी नेतो. आन् मीच परत घेऊन येतो."

"बा, तुमाले गुडघे हायेत काय?" उत्तम फोनवरून म्हणाला. "आन् वाचता कुठी येते तुमाले?"

"मले नाई येत," आजा म्हणाले. "तिले येते ना."

रोशनीनं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मला भीती वाटत होती, ते मी लपवणार नाही. रस्त्यात काही होईल याची नव्हती तेवढी. एकदा ती आईच्या कुशीत गेली की परत येणार नाही, याची होती. तिकडे तान्हा होता, फडावरच्या पालाचं दार होतं, आणि आईच्या हाताला लागलेलं उसाचं पातं होतं. कोणतं मूल ते सोडून माझ्या भागाकाराकडे येईल? रात्रीपर्यंत मी स्वतःला सांगत राहिले की ती माझी मुलगी नाही. पण हो म्हणायचं तर पूर्ण मनानं म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकं बाजूला ठेवली. महाराष्ट्राचा नकाशा सतरंजीवर पसरला आणि सगळी मुलं त्याच्या भोवती बसली. मानोऱ्याहून वाशीम. वाशीमहून दूरच्या गाडीनं सोलापूर. तिथं उतरून चौकशीच्या खिडकीवर विचारायचं, आणि मग सांगलीची गाडी. प्रत्येक स्टँडवर पाटी कशी असते, चौकशी म्हणजे काय, आजा पाणी प्यायला उतरले तर जागा कशी धरायची, गाडीचा नंबर का लक्षात ठेवायचा. फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत गावांची नावं लिहिली आणि रोशनीनं ती वाचली, मग पाठ करून सांगितली. तिच्याबरोबर सगळ्या वर्गानं पाठ केली. पहिलीतली मुलंसुद्धा खिचडी खाताना 'वाशीम, सोलापूर, सांगली' म्हणत होती. तो धडा कोणत्याही पुस्तकात नव्हता, आणि त्या सत्रात मी त्याच्याइतका मन लावून दुसरा कोणता धडा शिकवला नाही.

मी स्वतः त्यांना मानोऱ्याला पोचवायला गेले. हिरामण आजा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून आले होते. रोशनी त्यांचा हात धरून होती, म्हणजे दिसायला आजांनी तिचा हात धरला होता. वाशीमची गाडी लागली. ती पाटीसमोर उभी राहिली, मोठ्यानं वाचली आणि आजांना म्हणाली, "हेच हाये. चला."

त्यानंतरचे दिवस सरता सरेनात. संक्रांत आली. मी तिळगूळ नेला, मुलांनी तो हातात धरून ठेवला, तोंडात एकदम टाकला नाही. तुरीच्या शेंगा भरल्या, शेतातून हिरव्या शेंगा उकडल्याचा वास यायला लागला. एकदा उत्तमचा फोन आला, पोचले म्हणाला. "सांगली स्टँडवर मी घ्यायले गेल्तो, तं पोरगीच माह्या बापाले घेऊन उतरली." एवढं सांगून तो हसला. मग काही फोन आला नाही. ते कधी निघणार हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर 'नाही' ऐकावं लागलं असतं. आम्ही शिकत राहिलो. कोनांचा धडा झाला, वजनाचा झाला. सतरंजीवर रोशनीची जागा होती तिथं कोणी सरकून बसलं नाही. मी सांगितलं नव्हतं.

आणि एका सकाळी प्रार्थना होऊन आम्ही उन्हात बसत होतो, तर रस्त्याच्या वळणावर फेटा दिसला. हिरामण आजांच्या खांद्यावर उसाची मोळी होती. पुढे रोशनी चालत होती. उन्हानं काळवंडलेली, हातांवर पात्यांचे बारीक ओरखडे. मुलं ओरडत तिच्याकडे धावली. मी सतरंजीवरची तिची जागा हातानं झटकली.

ती आली कशी, हे आजांनी नंतर सांगितलं. शेवंता राहू दे म्हणत होती. रोशनी पहिले काही दिवस आईला चिकटून होती, तान्ह्याला खेळवत होती. मग एक दिवस तिनंच विचारलं, "आजा, आपून कधी जायचं?" शेवंतानं विचारलं, "तुले माह्याजवळ नाई राहाचं?" तर ती म्हणाली, "राहाचं हाये. पन आता मले रस्ता माहीत हाये ना. मी येईन." शेवंता त्या दिवशी फडावर गेली नाही म्हणे. पोरीच्या केसांना तेल लावत बसली. दुसऱ्या दिवशी तिनंच पिशवी भरून दिली.

पुढे रोशनीनं आमच्याच शाळेत चौथी केली. आता ती मानोऱ्याला मोठ्या शाळेत जाते. शेवंता आणि उत्तम अजून जातात दिवाळीनंतर. सगळं बदललं असं काही झालं नाही. तांड्याला अजून कुलपं लागतात. पण मला त्या सत्राचं जे आठवतं ते पुढचं काही नाही. मला ती सकाळच आठवते.

आजा मोळी सोडून उसाची कांडकी वाटत होते. मी म्हटलं, "बस रोशनी, थकली असशील." ती बसली नाही. ती मुलांच्या समोर, माझ्या जागेवर जाऊन उभी राहिली. ती लाजरी मुलगी असं काही करेल असं मला वाटलं नव्हतं. तिनं एकेकाकडे पाहून बोलायला सुरुवात केली.

"विकास, तुह्या याडीनं सांगतलं, काळ्या शेळीले पिल्लू झालं तं नाव तूच ठेवजो. करिना, तुह्या बानं इचारलं, दात आला काय समोरचा? मी म्हटलं, अर्धा आला. आकाश, तुह्या याडीच्या पायाले लागलं व्हतं, आता बरं हाये. ते चालून राह्यली, मी पाह्यलं. सुमित, तुही बहीन चालाले शिकली. चार पावलं टाकते आन् पडते."

कोणी तिला निरोप आणायला सांगितलं नव्हतं. ती फडावर पालापालातून फिरली होती आणि प्रत्येकाच्या आईबापाला जाऊन भेटली होती. सगळं तिनं डोक्यात ठेवलं होतं. मुलं ऊस हातात धरून ऐकत होती, कोणी चावत नव्हतं. आकाशनं एकदा नाक ओढलं आणि दुसरीकडे बघितलं.

पहिलीतली पूनम उठून उभी राहिली. ती सगळ्यांत लहान. तिचे आईबाप दुसऱ्या मुकादमाबरोबर कर्नाटकात गेले होते, सांगलीपासून कितीतरी लांब. हे वर्गातल्या मोठ्या मुलांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. पूनमला ते कळत नव्हतं. ती आपली पाळी येण्याची वाट बघत रोशनीसमोर उभी होती.

रोशनीनं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या डोक्याला बांधलेल्या रुमालाकडे पाहिलं.

"तुही याडी आमाले सोलापूरच्या स्टँडवर भेटली," ती म्हणाली. "तिच्या गाडीले टाइम व्हता. तिनं सांगतलं, पूनमले म्हना, थंडी लय हाये. डोक्याले रुमाल बांधत जाय."

"मी बांधतो ना," पूनम म्हणाली.

"हो. मी सांगतलं तिले. बांधते म्हटलं."

मी हिरामण आजांकडे पाहिलं. ते हातातलं कांडकं सोलत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घालून सोलायला लागले.

पूनम खाली बसली. तिनं हनुवटीखालची रुमालाची गाठ सोडली, आणि पुन्हा घट्ट बांधली.